नाव कुठल्या वहीत आहे यावर

चीनबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात मला बहुतेक वेळा दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे, बाजार खुला केला आणि देश कुठल्या कुठे गेला. दुसरा म्हणजे, बाजार आला आणि समता बुडाली. मी बरीच वर्षं यीवूत राहते, म्हणजे चीनच्या झेजियांग प्रांतातल्या, घाऊक बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात. केसांच्या क्लिपा, रबरबँड, खोट्या दागिन्यांचे लॉट तपासून कंटेनरमध्ये चढवणं हे माझं काम. ज्या माणसांत मी रोज वावरते त्यांची आयुष्यं या दोन्ही सुरांत बसत नाहीत.

मला जे दिसतं ते असं. बाजार येण्याआधी सरकारने माणसांची एक वाटणी करून ठेवली होती. कोण शहराच्या सरकारी नोंदवहीत, कोण गावाच्या. कोणाला कुठला कारखाना, कोणाला कुठलं घर. बाजाराने ही वाटणी पुसली नाही, तिला भाव आणला. ज्या गोष्टींनी पूर्वी महिन्याला चार-दोन युआनचा फरक पडायचा, त्यांचीच पुढे कोणाची इस्टेट झाली आणि कोणाच्या पायात बेडी पडली. हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून माणसांबद्दलच सांगते.

आमच्या गोदामाच्या गेटवर पूर्वी रात्रपाळीला एक शिफू असत. हाताने काम करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला इकडे शिफू म्हणून हाक मारतात. ते मूळचे शेनयांगचे, म्हणजे पार ईशान्येकडचे. मुलगी लग्न होऊन यीवूला आली म्हणून तेही आले. कंटेनर भरायला उशीर झाला की मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायची. ते फार बोलत नसत, पण एकदा सुरुवात झाली की साल-महिन्यासकट सांगत.

त्यांचा जन्म १९५२चा. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा ते माध्यमिक शाळेत होते. शाळा बंद पडली. १९६८च्या अखेरीस शहरातल्या पोरांना खेड्यात धाडायचा हुकूम निघाला आणि सोळाव्या वर्षी हे शेतावर कामाला गेले. त्या लाटेत देशभरातून सुमारे १ कोटी ७० लाख मुलं खेड्यांत गेली. शिफूंच्या तुकडीत त्यांच्याच वर्गातला एक मित्र होता. हिवाळ्यात दोघं एकाच कांगवर, खालून जाळ घातलेल्या विटांच्या ओट्यावर, शेजारी शेजारी झोपत.

१९७७च्या डिसेंबरात, दहा-अकरा वर्षांच्या खंडानंतर, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा पुन्हा झाली. गाओकाओ. ५७ लाख लोक बसले, जेमतेम २ लाख ७३ हजार घेतले गेले. शिफूंचा मित्र त्यात निघाला. त्याचे वडील शिक्षक, घरात पुस्तकं लपवून ठेवलेली. शिफू गणितात अडले. "मला बीजगणितापर्यंत कोणी नेलंच नव्हतं," ते म्हणत. पुढे ते शहरात परतले आणि वडिलांच्या जागी त्यांच्याच कारखान्यात चिकटले. तशी सोय तेव्हा होती.

कारखाना शेनयांगच्या तिएशी भागातला, मोठमोठी यंत्रं बनवणारा. त्या काळी तिएशीत कामगार असणं ही मिरवायची गोष्ट होती. घर, दवाखाना, पाळणाघर, हमामखान्याची तिकिटं, हिवाळ्यासाठी कोबी, म्हातारपणी पेन्शन, सगळं कामाच्या ठिकाणाहून, दानवेइकडून मिळायचं. मित्र पदवी घेऊन सरकारने वाटून दिलेल्या नोकरीवर बीजिंगच्या एका संशोधन संस्थेत गेला. पगारात फारसा फरक नव्हता. उलट ऐंशीच्या दशकात दोघं भेटले तेव्हा बोनस धरून शिफूंच्याच हातात जास्त पैसे पडत होते. जेवणाचे पैसे शिफूंनी दिले होते, हे ते आवर्जून सांगायचे.

मधल्या काळातली एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. तेव्हा पोलादाला दोन भाव होते, एक सरकारी कोट्याचा आणि एक बाजाराचा. कोटा भरून उरलेला माल बाजारभावाने विकायची मुभा कारखान्यांना मिळाली होती. पण कोट्याचं पोलाद उचलायची चिठ्ठी ज्याच्याकडे, तो तीच चिठ्ठी बाहेर विकून एका दुपारी कामगाराचा वर्षाचा पगार कमवायचा. शिफू यंत्रावर उभे असत आणि खरेदी विभागातली माणसं बघता बघता मोटारसायकली घेत होती. बाजाराशी त्यांची पहिली ओळख ही अशी झाली. मेहनतीला मोल येईल असं सगळीकडे सांगितलं जात होतं आणि प्रत्यक्षात मोल येत होतं ते सहीला.

मग १९९७च्या कम्युनिस्ट पक्षाच्या पंधराव्या अधिवेशनानंतर सरकारी उद्योगांची छाटणी जोरात सुरू झाली. मोठे कारखाने हातात ठेवायचे, लहान सोडून द्यायचे. झू रोंगजी पंतप्रधान झाले त्या वर्षी, १९९८ साली, शिफू ४६ वर्षांचे होते. फाटकावर नावांची यादी लागली. काही कोटी कामगार त्या दशकाच्या उत्तरार्धात असे घरी बसले. शिफूंच्या वीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब वीस-एक हजार युआनमध्ये चुकता झाला. नोकरीच्या प्रत्येक वर्षाची किंमत लावून ती वर्षं विकत घेतली आणि नातं संपलं. पुढे हा माणूस शेनयांगच्या रस्त्यांवर पुढे फळी आणि मागे सीट असलेली तीनचाकी ढकलत कोळसा आणि कोबी वाहत होता. साठीपर्यंतचे पेन्शनचे हप्ते त्यांनी त्याच कमाईतून स्वतः भरले. एकही चुकवला नाही. म्हणून निदान पेन्शन मिळाली.

आता घराची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. त्याच १९९८च्या जुलैत सरकारने ठरवलं की दानवेइने घरं वाटायची पद्धत बंद. जो ज्या घरात राहतो त्याने ते सवलतीच्या दरात विकत घ्यावं. शिफूंनी तिएशीतलं आपलं चाळीस-एक चौरस मीटरचं घर काही हजार युआनला घेतलं. मित्राने बीजिंगच्या हायदिआन भागातलं, साठ चौरस मीटरचं, काही दहा हजारांना घेतलं. दोघांवर एकच नियम लागू झाला, दोघांनी जवळपास एकाच सुमारास पैसे भरले. आज बीजिंगच्या त्या घराची किंमत अनेक दशलक्ष युआन आहे, कारण त्या पत्त्यावर मुलाला चांगली सरकारी शाळा मिळते. मित्राने आणखी एक घर घेतलं, मुलीला परदेशात शिकवलं. शिफूंच्या घराच्या किमतीत परदेशातली दोन वर्षंही निघाली नसती. कारखान्यांची जागा मोकळी झाली, तिथे उंच इमारती आल्या, त्यात शिफूंना परवडेल असं काही नव्हतं.

मित्र हुशार होता, त्याने परीक्षा दिली, ते त्याचंच कर्तृत्व. पण हायदिआनची जमीन महाग होईल हे त्याच्या कर्तृत्वात येत नाही. आणि शिफूंनी काय कमी केलं होतं? पाठवलं तिथे गेले, दिलं ते काम केलं, काढलं तेव्हा निमूट निघाले. या पिढीला नंतर उठता बसता सांगण्यात आलं की तुम्ही सरकारच्या तोंडाकडे बघत बसता, तुम्हाला बाजाराची सवय नाही. हे वाक्य मला आजही सहन होत नाही. ज्यांना पंचवीस वर्षं स्वतःचं काही ठरवूच दिलं नाही, त्यांना सेहेचाळिसाव्या वर्षी ठरवता येत नाही म्हणून दोष द्यायचा.

आता यीवूचीच एक बाई. फुतिआन या घाऊक मार्केटच्या पहिल्या विभागात, वरच्या मजल्यावर केसांच्या दागिन्यांचं तिचं दुकान आहे. मी तिला लाओबान्यांग, म्हणजे मालकीणबाई म्हणते, सगळेच म्हणतात. तिच्या वडिलांच्या पिढीतले यीवूचे शेतकरी हिवाळ्यात खांद्यावर कावड आणि हातात खुळखुळ्यासारखी डफली घेऊन गावोगाव फिरायचे. गुळाच्या वड्या द्यायच्या आणि कोंबड्यांची पिसं घ्यायची. चांगल्या पिसांचे झाडू, उरलेल्याचं खत. जमीन कसदार नव्हती, पिसांच्या खताशिवाय भात यायचा नाही. पण हीच फेरी सट्टेबाजी म्हणून गुन्हा ठरायची. तिच्या वडिलांची कावड दोनदा जप्त झाली होती. (तो गुन्हा फौजदारी कायद्यातून गेला तो १९९७ साली.)

१९८२ साली जिल्ह्याचे पक्षसचिव शिए गाओहुआ यांनी स्वतःच्या जबाबदारीवर बाजार उघडा केला आणि शेतकऱ्यांना व्यापार करायला, लांबून माल आणायला मुभा दिली. वरून तसा स्पष्ट आदेश नव्हता, चूक ठरली असती तर त्यांची नोकरी गेली असती. यीवूत आजही लोक त्यांचं नाव कृतज्ञतेने घेतात. २०१९ साली ते गेले तेव्हा लाओबान्यांग दुकान बंद ठेवून अंत्यदर्शनाला गेली होती. तिने १९८२ला बाविसाव्या वर्षी फळकुटावर बटणं मांडली होती. मार्केट हलत गेलं तसे जुन्या गाळेवाल्यांना नवे गाळे मिळत गेले आणि त्या गाळ्यांचे हक्क पुढे लाखो युआनला हातोहात जायला लागले.

तिची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे, साठीतही सकाळी साडेआठला गाळा उघडते. तरी तिच्या घरात जो खरा पैसा आला तो गाळ्यापेक्षा तिच्या गावच्या नोंदीतून आला. चीनमध्ये १९५८पासून प्रत्येक घराची हुकोऊ नावाची नोंदवही आहे. तिच्यात तुम्ही शेतीचे की बिगरशेतीचे आणि कुठल्या जागचे, ते लिहिलेलं असे. शहरातल्या नोंदीला धान्याची कुपनं मिळत, गावच्या नोंदीला नाही. धान्य आपलं आपण पिकवा. त्यामुळे बिगरशेती नोंद म्हणजे सोनं. लाओबान्यांगचा मोठा भाऊ अभ्यासात हुशार, ऐंशीच्या दशकात कॉलेजला लागला, त्याची नोंद शहरात गेली आणि अख्ख्या गावाला जेवण घातलं गेलं. बहिणीची नोंद गावातच राहिली म्हणून आई रडली होती.

१९९३ला धान्याची कुपनं संपली. यीवू शहर पसरत पसरत गावात शिरलं. जुनी घरं पाडून नव्याने बांधायची योजना आली तेव्हा ज्यांची नोंद गावात, त्यांना भूखंड. लाओबान्यांगच्या कुटुंबाने पाच मजले बांधले. तळमजल्यावर गोदाम, वर भाडेकरू. भाऊ शेजारच्या जिल्ह्यात शिक्षक होता, त्याला एक वीटही मिळाली नाही. २०१०च्या सुमारास तर यीवूत काही सरकारी नोकरांनीच आपली शहरी नोंद परत गावच्या वहीत फिरवून घेतल्याचं उघड झालं आणि ते रद्द करावं लागलं. म्हणजे जी पाटी पुसायला तीस वर्षांपूर्वी लोक जिवाचं रान करत, तीच परत मिळवायला धडपडत होते. बहीण-भावांत आजही पैशावरून बोलणं होत नाही. वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्षाचा दिवाळीसारखा मोठा सण आला की भाऊ येतो, जेवतो, संध्याकाळच्या बसने जातो.

त्या पाच मजल्यांच्या घरात चौथ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत दाजिए राहते. दाजिए म्हणजे मोठी ताई. वयाने ती माझ्याहून थोडीशीच मोठी आहे, पण पहिल्या भेटीत मी तसं म्हटलं आणि तेच राहिलं. ती गुइझोऊ प्रांतातल्या बीजिएच्या डोंगराळ भागातली. तिच्या आईच्या लहानपणी मका आणि बटाटा सोडून ताटात काही नसायचं. सामुदायिक शेती मोडून घराघराला जमीन कसायला मिळाली तेव्हा पहिल्यांदा पोटभर जेवलो, असं म्हातारी सांगते. मला हे मुद्दाम लिहायचं आहे. चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक टोकाच्या गरिबीतून बाहेर आले असं जागतिक बँक म्हणते, आणि त्या आकड्यात दाजिएची आई आहे. जुने दिवस परत यावेत असं त्या घरात कोणालाही वाटत नाही.

दाजिए २००१ला, सोळाव्या वर्षी, दक्षिणेतल्या डोंगुआन शहरातल्या एका खेळण्यांच्या कारखान्यात आली. तेव्हा तात्पुरत्या वास्तव्याचा दाखला जवळ नसेल तर रस्त्यातून उचलून नेत आणि गावी परत धाडत. रविवारी बाहेर पडायचं तर मैत्रिणीचा दाखला उसना घेऊन, असं चालायचं. २००३च्या मार्चमध्ये ग्वांगझोऊत सुन झिगांग नावाचा २७ वर्षांचा पदवीधर तरुण अशाच धरपकडीत सापडला आणि ताब्यात असताना मारहाणीत मेला. केवढा गदारोळ झाला. त्याच वर्षी ती पद्धत रद्द झाली. दाजिए म्हणते, त्या वर्षीपासून मी रस्त्याच्या मधून चालायला लागले.

लग्न झालं, नवराबायको यीवूला आले, मुलगा २००६चा. तो आजीजवळ गावात राहिला, कारण दुसरा मार्ग नव्हता. अशी आईबापांविना गावात वाढणारी मुलं २०१३ साली महिला महासंघाच्या अहवालानुसार ६ कोटींवर होती. २०१२च्या नोव्हेंबरात बीजिएत थंडीपासून वाचायला कचऱ्याच्या पेटीत शिरून आत कोळसा पेटवलेली पाच मुलं गुदमरून मेली. ती बातमी दाजिएने मोबाइलवर वाचली. पुढच्या वसंतोत्सवाला ती गावी गेली आणि येताना मुलाला घेऊनच आली. सहा वर्षांचा पोरगा तिला आई म्हणायला लाजत होता.

आता शाळा. सरकारी शाळेत परगावच्या मुलाला घ्यायचं तर कागद लागतात. वास्तव्याचा परवाना, भाडेकराराची नोंद, नोकरीचा लेखी करार, सामाजिक विम्याच्या पावत्या. या सगळ्यांचे गुण मोजतात आणि ज्यांचे गुण जास्त त्यांना जागा. दाजिए घरीच नगावर काम करायची. त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी एक घडीचं टेबल, त्यावर क्लिपांचा ढीग, डाव्या हाताला गोंदाची बंदूक. मेणाच्या टोकाच्या पेन्सिलीने एकेक काचखडा उचलायचा आणि गोंद थंड व्हायच्या आत बसवायचा. एका क्लिपेला तीन-चार फन. शंभर फनांचा एक युआन, म्हणजे हजार क्लिपा झाल्या की तीस-चाळीस युआन. नवरा कंटेनर भरायचा, रोजच्या रोज रोख. दोघं मिळून कमाई वाईट नव्हती. पण करार नाही, विमा नाही, पावती नाही. गुण भरले नाहीत. ज्या क्लिपा ती चिकटवायची त्याच मी लाओबान्यांगच्या गाळ्यातून उचलून कंटेनरमध्ये घालायची, त्यांचा सगळा कागद माझ्याकडे असायचा, कार्टनच्या नंबरासकट. तिच्या कामाचा एक चिटोरा कुठे नव्हता.

मुलगा कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या एका खासगी शाळेत गेला. सत्राला काही हजार युआन फी, एका वर्गात पन्नासच्या वर मुलं, शिक्षक दर वर्षी नवे. तरी पोरगा चांगला होता. माझ्या गोदामात लाओबान्यांगचा नातू आणि तो कार्टनवर बसून गणितं सोडवायचे. दोघं एकाच वयाचे. नातवाचं अडलं की हा सांगायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आठवीत शिक्षकांनी पालकांना बोलावून सांगितलं की ज्यांना गावी जायचं त्यांनी आत्ताच जावं. यामागचा नियम समजून घ्यायला मला स्वतःलाच बरेच दिवस लागले. झेजियांगमध्ये २०१३पासून बाहेरच्या प्रांतातल्या मुलालाही गाओकाओला बसू देतात, वाचून वाटतं केवढं उदार. पण त्यासाठी हायस्कूलची तिन्ही वर्षं इथे काढलेली हवीत. हायस्कूलसाठी नववीनंतरची झोंगकाओ परीक्षा आहे, तिच्यातून देशभरात साधारण निम्मीच मुलं विद्यापीठाकडे नेणाऱ्या हायस्कुलात जातात, बाकीची धंदेशिक्षणाला. त्या जागांसाठी स्थानिक मुलांचीच झुंबड, बाहेरच्यांना अटी वेगळ्या. तिकडे गावी जायचं तर तिथला पाठ्यक्रम वेगळा, पेपर वेगळा. दोन्हीकडे तोटा. त्यातल्या त्यात कमी तोटा म्हणून आठवी संपल्यावर पोरगा गुइझोऊला परत गेला. तालुक्याच्या गावी वसतिगृह, शनिवार-रविवार आजीकडे. वर्गातली मुलं बोलत ती बोली त्याला नीट येईना. झोंगकाओत तो कटऑफच्या खाली राहिला.

आज तो मोटारदुरुस्तीचा कोर्स करून यीवूतच एका कुरिअरच्या केंद्रात रात्री पार्सलं वेगळी करतो. लाओबान्यांगचा नातू चांगल्या सरकारी हायस्कुलातून हांगझोऊच्या विद्यापीठात गेला. नातवाला मी काही बोल लावत नाही, गोड मुलगा आहे, सुट्टीत येतो तेव्हा दोघं बरोबर नूडल्स खायला जातात. पण त्या कार्टनवर कोण कोणाला गणित सांगत होतं ते मी विसरू शकत नाही. ही गोष्ट एका पोराची नाही. २०२०च्या जनगणनेत नोंद एकीकडे आणि राहणं दुसरीकडे असे, शहरातल्या शहरात हललेले सोडून, ३७ कोटींहून जास्त लोक निघाले. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाचे पंतप्रधान ली केचियांग यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की ६० कोटी लोकांचं महिन्याचं उत्पन्न १००० युआनच्या आसपास आहे. ऐकून शहरातल्या माझ्या ओळखीच्यांना धक्का बसला. दाजिएला नाही बसला. तिच्या आईला गावच्या वृद्धांची पेन्शन म्हणून महिन्याला दीडशेच्या आसपास युआन येतात. सरकारने ठरवलेला किमान आकडा २०२४मध्ये १२३ युआन होता. गेटवरच्या शिफूंना, जे स्वतःला सगळ्यात हरलेले समजत, त्यांना दोन हजारांवर मिळत होते. ते शहराच्या वहीत होते.

मला लोक विचारतात की मग उपाय काय. मी अर्थशास्त्री नाही. पण इतकं ठामपणे म्हणते की माणसाला कुठेही जाऊन राबायची मोकळीक द्यायची आणि त्याच्या मुलाच्या शाळेची जागा मात्र हजार मैलांवर बांधून ठेवायची, याला मी अर्धी सुधारणा म्हणेन. राबण्याचा फायदा शहराला झाला, मूल वाढवण्याचा खर्च गावाने आणि आजीने सोसला. हे आपोआप घडलेलं नाही, नियम लिहिणाऱ्यांना ते दिसत होतं. शहरांना हात हवे होते, त्या हातांची कुटुंबं नको होती.

नियम सैल होत आहेत, हेही खरं. २०१४ला शेती आणि बिगरशेती हा नोंदीतला भेद रद्द करायचं ठरलं. २०२३मध्ये झेजियांगने हांगझोऊ शहर सोडून बाकी ठिकाणी नोंद हलवण्यावरची बंधनं उठवली. म्हणजे दाजिएला आता यीवूची नोंद मिळू शकते. मी तिला अर्जही आणून दिला. तिचा नवरा तयार नाही. गावी त्यांच्या वाटणीची जमीन आणि घराची जागा आहे. शहरात नोंद केली म्हणून शेतीची जमीन सोडायला लावता येणार नाही असं २०१८च्या दुरुस्तीनंतर कायदाच सांगतो, तेही मी त्याला वाचून दाखवलं. त्याने लाओबान्यांगच्या भावाचं नाव घेतलं. त्यालाही तेव्हा सगळ्यांनी शहाणपणाचंच सांगितलं होतं ना, म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दाजिएने मग दुसरी वाट धरली. धाकटी मुलगी २०१६ची, ती इथेच जन्मली, इथेच शिकते, २०२८ला सातवीत जाईल. मुलाचं झालं ते तिचं होऊ द्यायचं नाही एवढं दाजिएच्या मनाने घेतलंय. घरचं नगावरचं काम तिने सोडलं आणि पॅकिंगच्या एका कारखान्यात लागली. लेखी करार, सामाजिक विमा. विम्याचा हप्ता कापून हातात पडतात ते घरी बसून मिळायचे त्यापेक्षा कमी, आणि दिवसाचे अकरा तास जातात. माझ्या क्लिपा आता तिसऱ्या मजल्यावरची हेनानची एक मुलगी चिकटवते. दाजिए दर महिन्याला विम्याच्या नोंदीचा फोटो मला पाठवते, तारीख आणि शिक्का बरोबर आहे ना बघायला सांगते. नोंद सलग हवी असं तिला शाळेच्या खिडकीवर सांगितलं आहे. मधला एक महिना जरी राहिला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.